टाकी गच्चीवर, शॉवर ठिबकतोय: छोटा बूस्टर पंप घ्यावा का?

गच्चीवर टाकी, खाली शॉवर, आणि शॉवरमधून देवळातल्या तीर्थासारखं पाणी. ही तक्रार घेऊन सोलापुरात हार्डवेअरच्या दुकानात गेलं की काउंटरवर हमखास एक खोकं येतं. आत असतो पाइपलाइनमध्ये सरळ बसणारा, 100 ते 120 वॅटचा इनलाइन बूस्टर पंप. दोन्ही टोकांना आटे, वर काळी डबी, डबीवर बंद-ऑटो-मॅन्युअल असं तीन खुणांचं बटण. "लावून बघा, लॉजसारखा शॉवर लागतो," असं सांगितलं जातं. बऱ्याच घरांत तो लागतोही. पण काही घरांत हा पंप चालूच होत नाही, आणि काही घरांत चालू होऊन गरम पाणी बंद पाडतो. दोन्हींची कारणं पंपाच्या बाहेर असतात, म्हणून या परीक्षणातला पहिला भाग पंपाऐवजी पाइपांवर खर्च करावा लागतो.

आधी घरात मुळात किती दाब आहे ते बघू. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे जवळजवळ 1 बार, प्लंबरच्या भाषेत एक किलो प्रेशर. एकमजली घर घ्या. स्लॅब 10 फुटांवर, टाकीखाली 2 फुटांचा ओटा, टाकीत 2 फूट पाणी. म्हणजे पाण्याची पातळी जमिनीपासून 14 फुटांवर. शॉवर 7 फुटांवर. उरले 7 फूट, म्हणजे 2.1 मीटर, म्हणजे 0.2 बार. त्याच न्हाणीघरातला बादलीचा नळ अडीच फुटांवर असतो, त्याला साडेअकरा फुटांचा दाब मिळतो. त्यामुळे "खालचा नळ तर मस्त चालतो, मग शॉवरच का नाही" या प्रश्नाचं अर्धं उत्तर उंचीतच आहे. नळ जोरात आला म्हणून वर काहीतरी तुंबलंच असेल असं धरून चालू नका. दुमजली घरात खालच्या मजल्यावरच्या शॉवरला आणखी दहा फूट मिळतात आणि दाब अर्ध्या बारवर जातो. तिथेही धार बारीक असेल, तर मात्र तुंबलेलंच आहे.

जुन्या पेठांतल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या धाब्याच्या, घरांत अडचण वेगळी. माळवदावर भरलेली टाकी ठेवता येत नाही, म्हणून ती शेजारच्या न्हाणीच्या छोट्या स्लॅबवर किंवा लोखंडी घोड्यावर जेमतेम नऊ फुटांवर असते. तिथे शॉवरला दोन-तीन फूट उंची उरते. अशा घरात कितीही सफाई केली तरी धार वाढणार नाही. हा पंप खरं तर अशाच घरांसाठी आहे, आणि गंमत अशी की अडतोही इथेच. त्याचं कारण पुढे येतं.

आता बादलीची चाचणी. शॉवरचं तोंड आर्मवरून, म्हणजे भिंतीतून आलेल्या नळीवरून, सोडवा. पान्याखाली फडकं गुंडाळलं की क्रोम ओरखडत नाही. बादलीत एक लिटरच्या बाटलीने दहा बाटल्या पाणी ओतून 10 लिटरवर खूण करा. घरातली बादली सोळाची असते की वीसची, हे कुणाला आठवत नसतं. मग बादली रिकामी करून उघड्या आर्मखाली धरा, थंड पूर्ण सोडा आणि खुणेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. तेच पुन्हा फक्त गरम सोडून करा. एका मिनिटाच्या आत भरली तर लाइन ठणठणीत आहे आणि दोष शॉवरच्या तोंडात आहे. एक ते दोन मिनिटं लागली तर पंप विचारात घेण्यासारखा आहे. तीन मिनिटांच्या वर गेली तर आधी अडथळा शोधा. आणि थंड व गरम यांत दुपटीचा फरक निघाला, तर ज्या बाजूला वेळ जास्त लागला त्या बाजूलाच काहीतरी अडलं आहे.

तोंडातला दोष असेल तर खर्च जवळजवळ शून्य. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे उजनीच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळणं ही बहुतेक घरांची सवय. बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं, जड असतं. गरम झालं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या खारासारखा बसतो, आणि शॉवरची भोकं तर मिलिमीटरभराची. सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत, एक लिटर कोमट पाण्याला 50 ग्रॅम घालून त्यात तोंड तास-दीड तास बुडवून ठेवा. बुडबुडे येतात ते थांबले की खार सुटला. जुन्या दातब्रशने घासा, राहिलेली भोकं सुईने मोकळी करा आणि उलट्या बाजूने धुवा. रात्रभर भिजत ठेवू नका, क्रोमचा मुलामा जातो. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर अजिबात नको. प्लॅस्टिकवरचा चकचकीत थर त्याने पापुद्र्यासारखा सुटतो. भोकांना सिलिकॉनची रबरी बोंडं असतील तर एवढं करायचीही गरज नाही, ओल्या बोंडांवर अंगठा फिरवला की खार झडतो. नवीन शॉवर घेताना ही एकच गोष्ट आवर्जून बघावी.

तोंडाच्या सांध्यात, गोटीच्या मागे, एक बारीक जाळी असते. टाकी धुतल्यानंतर धार अचानक कमी झाली असेल तर वाळू तिथेच सापडेल. काही शॉवरमध्ये जाळीमागे पाणी वाचवण्यासाठी भोकाची प्लॅस्टिक चकती बसवलेली असते. ती जास्त दाबाच्या इमारतींसाठी आहे, गच्चीवरच्या टाकीला तिचा उपयोग नाही. काढून डब्यात ठेवा. पुन्हा बसवताना आट्यांवर टेफलॉन टेपचे आठ-दहा वेढे, आटे घट्ट होतात त्याच दिशेने.

आणि आठ इंची रेन शॉवर. कडक भाकरीएवढं ते तोंड भिंतीवर रुबाबदार दिसतं, पण हिशेब करून बघा. मिनिटाला 8 लिटर पाणी शंभर भोकांत वाटलं तर एका भोकाला 80 मिली येतं. त्याची धार होत नाही, थेंब होतात. तेच पाणी चाळीस भोकांच्या चार इंची तोंडातून काढलं तर भोकाला 200 मिली मिळतं आणि अंगावर पाणी पडल्याचं कळतं. कमी दाबाच्या घरात रेन शॉवर काढून चार इंची लावणं हा पंपाआधीचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तो दुकानात सहसा कुणी सुचवत नाही.

बादलीला तीन मिनिटं लागत असतील तर टाकीपासून खाली शोधत या. टाकीच्या तोंडाशी पितळी गेट व्हॉल्व्ह असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. वर्षानुवर्षं हात न लागलेल्या व्हॉल्व्हची दांडी आतल्या पडद्यापासून तुटते, चाक फिरत राहतं आणि पडदा अर्ध्यात अडकून बसतो. बाहेरून सगळं उघडं दिसतं. तो काढून पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह लावा. मग पाइपाचा व्यास बघा. अर्धा इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लॅस्टिक पाइप, आतून साधारण 12.4 मिमी असतो, पाऊण इंची 18 मिमी. तेवढंच पाणी नेताना पाऊण इंचीत घर्षण सहाव्या हिश्श्यावर येतं. टाकीपासून न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत पाऊण किंवा एक इंची आणि शेवटच्या दोन-तीन फुटांतच अर्धा इंची, अशी लाइन हवी. जुळे सोलापूर, विजापूर रोडकडच्या नव्या रो-हाउसमध्येही खर्च वाचवायला टाकीपासूनच अर्धा इंची ओढलेला सापडतो, आणि भिंतीत गाडलेला असल्याने मग कुणी हात लावत नाही. निदान गच्चीवरचा उघडा भाग तरी बदलता येतो. जुन्या कसब्यात, पेठांत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, पाइप असतील तर आतला गंज आणि खार मिळून पेन्सिलीएवढं भोक उरलेलं असतं. त्याला औषध नाही, पाइप बदलणे एवढंच.

गरम-थंड पाणी मिसळून शॉवरकडे वळवणारा भिंतीतला डायव्हर्टर किंवा वॉल मिक्सर हे पुढचं ठिकाण. मिक्सर ज्या दोन वाकड्या लेगांवर बसतो त्यांच्या तोंडाशी काही कंपन्या जाळी देतात. मिक्सर काढून ती धुवा. फिरकीच्या नळात गरम बाजूचं रबरी वायसर सोलरच्या पाण्याने फुगतं आणि नळ पूर्ण उघडला तरी वाट अर्धी राहते. गरम पाणी सुरुवातीला बरं येऊन दोन मिनिटांत बारीक होत असेल तर हेच कारण धरा. एका दांड्याच्या मिक्सरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं, 35 किंवा 40 मिमीचं. जुनं सोबत नेऊनच नवीन घ्या, मापात फसगत होते.

एक दोष इथे विशेष. पाणी यायच्या आदल्या दिवशी टाकी तळ गाठते, लाइनमध्ये हवा शिरते, आणि टाकी भरल्यावरही गरम बाजू गुरगुरत, थुंकत येते किंवा येतच नाही. पाइप कठड्यावरून वर चढून पुन्हा खाली उतरत असेल तर हवा त्या कमानीत बसते. घरातला सगळ्यात खालचा गरम नळ पूर्ण सोडून पाच मिनिटं वाहू द्या, बहुतेक वेळा हवा ओढली जाते. दर वेळी होत असेल तर टाकीच्या तोंडाजवळ टी टाकून उघड्या तोंडाचा व्हेंट पाइप टाकीच्या वरपर्यंत उभा करून घ्या. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, आणि यात पंपाने काही फरक पडत नाही. हवेवर पंप नुसता घरघरतो.

इतकं करूनही बादलीला दीड मिनिट लागतंय, लाइन मोकळी आहे, टाकी उंच करणं शक्य नाही. मग पंप. टाकी उंच करण्याचा हिशेबही सांगून टाकतो: मीटरभर उंचीला 0.1 बार, आणि हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन, तोही कॉलम-बीमवर यायला हवा. पंप एवढं वजन न चढवता दोन मजल्यांची उंची देतो.

या वर्गातल्या पंपाच्या पाटीवर साधारण 8 ते 10 मीटर हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, लिहिलेलं असतं. तो आकडा पाणी वाहत नसतानाचा आहे. शॉवरमधून मिनिटाला 10 लिटर वाहत असताना सहा-सात मीटर धरावं. मूळच्या 0.2 बारवर आणखी 0.6 म्हणजे चार इंची तोंडाला भरपूर, आठ इंचीलाही चालण्याजोगं. वीज किरकोळ: 120 वॅट रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला दोन युनिटसुद्धा नाही. आवाज फ्रिजइतका. आत ओला रोटर असतो, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग पाण्यातच असतो आणि पाणीच त्याच्या बेअरिंगला वंगण देतं. म्हणून सील गळण्याचा प्रश्न नाही. पण कोरडा चालला की थोड्या वेळात बेअरिंग खराब.

आता ती अडचण. ऑटोवर असताना पंप आतल्या फ्लो स्विचने चालू होतो, आणि त्यासाठी पाणी आधी स्वतःच्या बळावर मिनिटाला दीड-दोन लिटर वाहावं लागतं. टाकी आणि शॉवरमध्ये दोनच फूट उंची असेल, किंवा तोंड खाराने भरलेलं असेल, तर तेवढंही वाहत नाही आणि पंप गप्प बसतो. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याच घरात तो चालू होत नाही, ते यामुळे. मग कंटाळून बटण मॅन्युअलवर नेलं जातं, तसंच राहतं, टाकी रिकामी होते आणि पंप जळतो. अशा घरात अडचण तोंड बदलून सुटते का ते बघा. नाही सुटली तर मॅन्युअलवरच चालवायचा, पण न्हाणीघराबाहेर वेगळं बटण आणि टाकीत पाणी संपलं की पंप बंद करणारा फ्लोट स्विच लावून. माळवदाच्या घराला दुसरा मार्ग अर्धा अश्वशक्तीचा प्रेशर स्विचवाला पंप. तो दाबावर चालू होतो, त्याला आधी प्रवाह लागत नाही. पण त्याचा आवाज घरभर जातो, एखादा नळ ठिबकत असेल तर रात्री-बेरात्री चालू-बंद होत राहतो, आणि जुन्या जीआयच्या आट्यांना पाझर फोडतो. एका न्हाणीघरासाठी तो जड आहे.

दुसरी अडचण सोलरची. सोलापुरात ऊन फुकट, त्यामुळे सोलर घरोघरी, आणि बहुतेक साधे, बिनदाबाचे, व्हेंट पाइपचे. पंप टाकी आणि सोलरच्या मध्ये बसवला तर दाब सोलरच्या टाकीवर येतो आणि पाणी व्हेंटमधून गच्चीवर वाहतं. टाकीला इजा होते ती वेगळी. पंप फक्त थंड लाइनवर बसवला तर आणखी मजा: मिक्सरमध्ये थंडाचा दाब गरमापेक्षा चौपट होतो, गरम पाणी आत येऊच शकत नाही, उलट थंड पाणी गरमाच्या पाइपातून सोलरकडे चढतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, थंडीत, जानेवारीत, नेमकं हे कळतं. गरम लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावला की उलटं चढणं थांबतं, पण गरम कमीच राहतं. खरा उपाय एकच, दोन छोटे पंप: एक थंड लाइनवर, दुसरा सोलरनंतरच्या गरम लाइनवर. गरम लाइनचा पंप घेताना पाटीवरचं पाण्याचं कमाल तापमान वाचा. काही पंप 60 अंशांपर्यंतचेच असतात आणि मे महिन्यात सोलरचं पाणी त्याच्या सहज वर जातं. घरात सोलर नसून विजेचा स्टोरेज गिझर असेल तर मात्र एकच पंप पुरतो. टाकीतून निघालेल्या लाइनवर, गिझरचा फाटा फुटण्याआधी बसवला की थंड-गरम दोन्हींचा दाब सारखा वाढतो. या मांडणीत हा पंप सगळ्यात शोभतो. गॅस गिझर दाबाअभावी पेटत नसेल तर तोही पेटतो.

बसवताना सोबत घ्यायचं सामान: दोन बॉल व्हॉल्व्ह, दोन युनियन (सोडवता येणारे जोड), एक वाय-स्ट्रेनर (गाळ अडवणारी जाळी), आणि बायपाससाठी, म्हणजे पंपाला वळसा घालणाऱ्या वाटेसाठी, दोन टी, चार एल्बो, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. वाय-स्ट्रेनर पंपाच्या आधी, कारण फ्लो स्विचचं पातं आणि रोटरची फट या दोन्हींचा शत्रू टाकीतला गाळ आहे. बायपास ठेवला की वीज गेल्यावर मूळची धार तरी मिळते. पंपावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने, मोटारीचा आस आडवा. तो उभा ठेवला तर हवा वर साठते आणि बेअरिंग कोरडं पडतं. चालू करण्याआधी मोटारीच्या मधोमध असलेला मोठा स्क्रू थोडा सैल करून हवा जाऊ द्या. वायर तीन तारांची, अर्थिंगसह, आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर. ओल्या माणसाच्या लाइनवरची मोटार आहे, इथे काटकसर नको. सावली हवीच. बऱ्याच पंपांना भोवतालचं तापमान 40 अंशांपर्यंतच मान्य असतं, आणि सोलापूरची गच्ची उन्हाळ्यात त्याच्या वर जाते. वरून पत्रा, बाजू उघड्या. बंद डबा केला तर तो भट्टी होतो.

हा पंप नळाच्या सार्वजनिक लाइनला थेट जोडायचा नाही. टाकीनंतरच. थेट लाइनवर मोटार लावणं बेकायदा आहे, जप्तीही होते.

बिघाड तीन प्रकारचे दिसतात. नळ बंद करूनही पंप चालू राहतो: फ्लो स्विचच्या पात्यात खडा किंवा खार अडकलेला असतो. युनियन सोडून पातं लिंबूसताच्या पाण्याने धुवा. तोपर्यंत बटण बंदवर, नाहीतर आतलं पाणी तापत जातं. कमोडची फ्लश टाकी गळत असेल तरी हाच भास होतो, म्हणून आधी तिचा कॉक बंद करून बघा. दुसरा प्रकार, पंप गुणगुणतो पण धार वाढत नाही: एक तर रोटर जाम, किंवा मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर उतरलेला. कपॅसिटर बदलताना जुन्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडाच घ्यायचा. रोटर मोकळा करणं घरीही जमतं. वीज बंद, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, मधला स्क्रू काढा. आत दांड्याच्या टोकाला खाच असते, तिच्यात चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने चार-पाच फेरे द्या. थोडं पाणी येतं, घाबरू नका. तिसरा प्रकार, धार हळूहळू कमी होत जाते: वाय-स्ट्रेनरची जाळी. बोअरच्या पाण्यावर महिन्याला एकदा, नुसत्या उजनीच्या पाण्यावर दोन-तीन महिन्यांनी धुवावी लागते.

विजेचा गिझर, मोकळी लाइन आणि चार-सात फुटांची उंची असलेल्या घराला हा पंप घ्या, पाचपैकी साडेचार. सोलरवाल्या घराला दोन घ्यायची तयारी असेल तर चार, एकाच पंपावर भागवायचं असेल तर दोनसुद्धा नाहीत. बादलीला तीन मिनिटं लागणाऱ्या घराने आधी गेट व्हॉल्व्ह बदलावा. घेताना दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: कपॅसिटर आणि फ्लो स्विच सुटे मिळतात का, आणि दुरुस्ती सोलापुरातच होते की पंप पुण्याला पाठवावा लागतो. मे महिन्यात महिनाभर गावी जाणार असाल तर पंप पाण्याने भरलेलाच ठेवा, वीज बंद करा, आणि परत आल्यावर बटण दाबण्याआधी तो मधला स्क्रू उघडून रोटर एकदा हाताने फिरवून घ्या.